वाणाची सुई

माणसांना स्वतःच्या पोटात सुई खुपसायला शिकवून मी माझं पोट भरलं. आधी अकोल्याला वॉर्डात नर्स होते. नवऱ्याची बदली झाली तशी अमरावतीला आले आणि इथल्या एका मधुमेहाच्या डॉक्टरांकडे लागले, ती थेट निवृत्त होईपर्यंत. दवाखान्यात मला वेगळी छोटी खोली होती. बाहेर पाटी 'मार्गदर्शन कक्ष' अशी. पेशंट मात्र एकमेकांना सांगत, "डॉक्टरचं झालं का मंग सुईवाल्या बाईकडे जा लागते." डॉक्टर पाच मिनिटांत चिठ्ठी लिहीत. ती चिठ्ठी माणसाच्या गळी उतरवायला मला अर्धा तास लागे, आणि रडारड असली तर जास्त.

निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. एका वक्त्याने तर मला मधुमेह्यांची माउली करून टाकलं. मी मान खाली घालून बसले होते, लोकांना तो विनय वाटला असेल. खरं कारण असं की त्याच्या चारच महिने आधी, माझ्या हातच्या एका कागदापायी, प्राची नावाची एक पोरगी मरता मरता वाचली होती. हे ज्यांना ठाऊक होतं तेही त्या सभागृहात टाळ्या वाजवत होते. आता या अंकासाठी नोकरीतलं काही लिहा म्हटल्यावर माझ्या डोळ्यापुढे दुसरं काही येईना. गमती पुष्कळ आहेत, त्याही सांगते, पण सांगायचंय ते हे.

आधी धंदा समजून घ्या. आमच्या काळी मधुमेह्याने पोटात टोचायचं म्हणजे एकच, इन्सुलिन. खाल्लेली साखर अंगी लावायला शरीराला ते लागतं. बहुतेक मधुमेह्यांच्या शरीरात इन्सुलिन थोडंफार तयार होतं, पण ते नीट लागू पडत नाही. हा टाइप टू, जो आमच्याकडे चाळिशीनंतर घरोघरी मुक्कामाला येतो. दुसरा टाइप वन. त्यात इन्सुलिन तयार होणंच बंद पडतं, आणि बरेचदा लहानपणीच. अशा मुलाला बाहेरून इन्सुलिन मिळालं तर ते शाळेत जातं, नोकरी करतं, लग्न करतं, म्हातारं होतं. नाही मिळालं तर काही दिवसांत जातं. फरक एवढा सोपा आहे. मी तो जन्मभर शिकवला आणि नेमका एका ठिकाणी लिहायचा राहिला.

या इन्सुलिनची आमच्या वऱ्हाडात काय शोभा होती म्हणून सांगू! डॉक्टरांनी शब्द काढला की नवरा-बायको एकमेकांकडे असे बघत, जणू आता गंगाजलाची सोय करायची. "सिस्टर, एवढी शेवटची वेळ आली काय?" हे मी किती जणांकडून ऐकलं त्याला गणती नाही. मग ते इन्सुलिनचं पेन, म्हणजे पेनासारखं दिसणारं इंजेक्शन, घरी जाई आणि फ्रिजमध्ये सांबाराच्या जुडीखाली दडे. (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, पुण्याच्या वाचकांनी इडली शोधू नये.) चांदूर बाजारचे एक मास्तर व्याही मुक्कामाला असले की सुई घ्यायला शेतात जात आणि व्याह्यांना सांगत, पंप पाहून येतो. व्याही म्हणे एकदा मुलीला बोलले, तुझा सासरा भल्ला कष्टाळू आहे, जेवायच्या आधी रोज शेतात चक्कर मारतो.

मग ही नवी पेनं आली.

ही इन्सुलिन नव्हेत, हे आधी लक्षात घ्या. आपण जेवलो की आतडं मेंदूला आणि पोटाला निरोप धाडतं, की झालं, पुरे, आता सावकाश. या औषधांनी त्या निरोपाची नक्कल केलेली असते. त्याने भूक मरते, पोट हळू रिकामं होतं, साखर उतरते आणि वजनही उतरतं. यातलं लिराग्लूटाइड रोज टोचावं लागतं. सेमाग्लूटाइड आठवड्यातून एकदा. टिर्झेपॅटाइडही आठवड्यातून एकदाच, पण ते एकाऐवजी दोन निरोपांची नक्कल करतं, आणि वजन उतरवण्यात साधारणपणे बाकीच्यांच्या पुढे असतं. सुरुवातीला मळमळ, उलट्या, पोट साफ न होणं असा त्रास होतो, म्हणून डोस लहानापासून महिन्या-महिन्याने चढवायचा. औषध सोडलं की गेलेलं वजन बरेचदा परत येतं. औषधं चांगली आहेत. वजनाने गुडघे गेलेली, साखर कशालाच दाद न देणारी माणसं या पेनांवर सुधारलेली मी स्वतः पाहिली आहेत. तेव्हा औषधाला नावं ठेवत नाही. नावं ठेवायची ती आमच्या गिऱ्हाइकांना, आणि सर्वांत शेवटी मला.

कालपर्यंत सांबाराखाली लपणारं पेन आता पर्समधून बाहेर यायला लागलं. पंगतीत बसल्या बसल्या बाया विचारायच्या, "तू कोनतं घेतं वो?" पहिली सेमा म्हणाली की दुसरी हळूच, "आमचं दोन निरोपवालं हाये." पूर्वी साडीचा पदर चाचपून बघत, तशी आता पेनाची टोपणं बघू लागल्या. ज्यांना मधुमेह नाही, वजनही जेमतेम चार किलो जास्त, त्याही माझ्या खोलीत येऊन बसत. मी म्हणे, तुम्हाला याची गरज नाही. त्या असा चेहरा करत की जणू मी त्यांना लग्नाला बोलावलं नाही.

एक बाई आठवड्याच्या सुईचा वार ठरवायला आल्या. "गुरुवार कसा राहीन?" मी म्हटलं, वार कोणताही चालतो, एकच ठेवा म्हणजे झालं. "मंग गुरुवारच. त्या दिवशी माहा उपास राहते. सुई घेतली का भुकीची यादच येत नाई. उपास भल्ला कडक होते." मी म्हटलं, "ताई, मग पुण्य कोणाला लागायचं? तुम्हाला की औषध कंपनीला?" त्यांनी एक क्षण खरोखर विचार केला. "कंपनीले कायले? सुई तर मले टोचते!"

एक कंत्राटदार होते. त्यांचं वजन सुंदर उतरत होतं, पण थंडीत रोडग्यांच्या पार्ट्या सुरू झाल्या आणि गाडं अडलं. शेतात गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची तिखट भाजी, वर तुपाची धार, आणि पोट म्हणतं नको. "सिस्टर, हे कोनतं जगनं झालं?" त्यांनी आपल्या डोक्याने उपाय काढला. पार्टीच्या आठवड्यात सुई बंद, आणि पुढच्या आठवड्यात भरपाई म्हणून दुप्पट. त्या दुपटीने त्यांना दोन दिवस न्हाणीघराबाहेर येऊ दिलं नाही. बरे होऊन आले तेव्हा मला म्हणाले, "औषधात दम हाये."

कधी कधी मला हसू येत नसे. अकोल्याला होते तेव्हा शिबिरांसाठी आम्हाला चिखलदऱ्याच्या बाजूला पाठवत. तिथे कुपोषित पोरांच्या दंडाला मापाची पट्टी लावून बघायचं आणि आयांना सांगायचं, याला खाऊ घाल. नोकरीच्या शेवटी त्याच जिल्ह्यात बसून मी माणसांना भूक कशी मारायची ते शिकवत होते. दोन्ही कामं मी मन लावून केली.

आता त्या कागदाकडे येते. दवाखान्यात प्रत्येकाचा प्रश्न एकच असे, "सिस्टर, याच्यात चांगलं कोनतं?" त्याचं खरं उत्तर, 'कोणासाठी?' हे आहे. पण तेच ते दिवसभर बोलून मी वैतागले आणि एक तक्ता केला. खोटं कशाला सांगू, हौसेने केला. माझं अक्षर चांगलं आहे. रंगीत पेनांनी चार रकाने पाडले, इन्सुलिन, लिरा, सेमा, टिर्झे. डावीकडे प्रश्न लिहिले. किती वेळा टोचायचं? वजन वाढतं की उतरतं? भूक कमी होते का? साखर एकदम घसरायची भीती किती? आणि खाली ठळक अक्षरांत, 'सुरुवातीला मळमळ, उलट्या झाल्या तर घाबरू नका, शरीराला सवय होते.' डॉक्टर खूश झाले. लॅमिनेट करून भिंतीवर लावला. कंपनीचा प्रतिनिधी फोटो काढून घेऊन गेला. बायांनी फोटो काढून व्हॉट्सअॅपवर फिरवला. मराठीत एवढं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं म्हणे.

खरंच सोपा होता. तुम्हीच बघा. इन्सुलिनच्या रकान्यात, दिवसातून चार वेळापर्यंत, वजन वाढू शकतं, भूक कमी होत नाही, साखर घसरून चक्कर येऊ शकते. टिर्झेच्या रकान्यात, आठवड्यातून एकदा, वजन उतरतं, भूक कमी होते, घसरायची भीती थोडी. एकाही ओळीत इन्सुलिन पुढे नाही. ज्याला वाचता येतं त्याला कोणतं घ्यावं हे विचारायची गरजच उरत नाही. 'हे बंद केलं तर कोण मरतं?' अशी एक ओळ हवी होती. ती मी घातली नाही. एवढं तर सगळ्यांना कळतंच, असं मला वाटलं. सदतीस वर्षं नोकरी करून माझी ही अक्कल.

मंदाताई याच दवाखान्यातल्या पेशंट. माहेर शेंदूरजनाघाटचं, संत्र्याच्या बागांतलं. हात सढळ, आवाज मोठा, मन साफ, फक्त दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय नाही. वजन आणि साखर दोन्ही चढलेली होती म्हणून डॉक्टरांनी त्यांना आठवड्याचं पेन दिलं आणि ते छान लागू पडलं. बारा किलो उतरल्या. ब्लाउज दोनदा आत घेतले आणि मग जगाच्या कल्याणाला निघाल्या.

"सिस्टर, मले हे दहा वर्सं आंधी कावून नाई देल्लं?"

"तेव्हा निघालं नव्हतं ताई."

"मंग कंपनीवाले काय झोपले होते?"

प्राची ही त्यांची सून. गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात लग्न होऊन अकोल्याहून आली, इथल्या एका शाळेत गणित शिकवायला लागली. तिला टाइप वन झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि अकोल्याला तिला सुई धरायला मीच शिकवलं होतं. तेव्हापासून दिवसातून चार इंजेक्शनं, सोळा वर्षं, एकदाही न चुकता. अशी पेशंट लाखात एक. ती माझ्याच गावात नांदायला आली म्हणून मला कोण आनंद झाला! लग्न ठरवताना तिच्या वडिलांनी काही लपवलं नव्हतं. मंदाताईंनी सगळं ऐकून घेतलं होतं आणि मोठ्या मनाने म्हटलं होतं, "शुगर तर मलेबी हाये. त्यात काय एवढं?" तिची शुगर आणि आपली शुगर एकच, हे त्यांनी त्या दिवशी जे धरलं ते धरलं.

लग्नानंतरची तिची पहिली संक्रांत आली. नव्या सुनेला काळी साडी, हलव्याचे दागिने, मोठं हळदीकुंकू. आणि आलेल्या प्रत्येक सवाष्णीला वाण, म्हणजे एकेक वस्तू लुटायची. आमच्या कॉलनीत या वाणाची दरवर्षी चढाओढ चालते. कोणी डबे लुटले की पुढच्या वर्षी दुसरीने झाकणाचे डबे लुटायचे. संक्रांतीच्या आठवडाभर आधी मंदाताई माझ्या खोलीत येऊन बसल्या.

"सिस्टर, यंदा आमी अशी वस्तू लुटून राहिलो का अख्ख्या अमरावतीत कोनं लुटली नसन."

"कोणती?"

"सुई."

मला वाटलं शिवणाची. त्यांनी पर्समधून पेन काढून टेबलावर ठेवलं. "एका पेनात चार डोस राहते ना? तीन पेनं आनले. बारा बाया. एकेकीले एक डोस, पयला लहान, तुमच्या तक्त्यात हाये तोच. सुई दर बाईले नवी लावू, आमी काय अडानी हावो? तुमी फक्त या अन् टोचून द्या. तुमाले साडी घेऊन ठेवली."

मी खुर्चीतच उडाले. मग जे तोंडाला आलं ते बोलले. एक पेन एकाच माणसाचं. सुई बदलली तरी रक्ताचा अंश मागे पेनात जाऊ शकतो, एकीची कावीळ बाराजणींना लागायची. शिवाय कोणाला पित्ताशयाचा त्रास, कोणाच्या घरात थायरॉइडचा कॅन्सर, कोण पोटुशी, हे काही न बघता हे औषध द्यायचं नसतं. "आणि चिठ्ठीशिवाय तीन पेनं आली कुठून?"

"भाचा हाये ना मेडिकलवाला."

भाच्याला बोलून उपयोग नव्हता, मावशीपुढे त्या घरात कोणाचंच चालत नसे. मंदाताई "बरं बरं" म्हणाल्या, पेन पर्समध्ये टाकलं आणि गेल्या. माझा समज असा झाला की त्यांनी ऐकलं. त्यांचा समज असा झाला की सिस्टरला साडी कमी वाटली.

डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं होतं, घातलं नाही. हळदीकुंकवाला जायला हवं होतं, तर मी फुगून बसले आणि गेले नाही. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे, त्या बारा बायांत घरची सून धरलेली असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी काविळीची काळजी करत बसले.

हळदीकुंकू शुक्रवारी दुपारी झालं. रविवारी सकाळी मंदाताईंचा फोन.

"सिस्टर, एक इचारू काय? सुनेले कालपासून उलट्या होऊन राहिल्या. तुमच्या तक्त्यात लिहिलं हाये ना, घाबरू नका म्हनून. आमी काई घाबरलो नाई. पन किती दिवस राहते हे?"

"कोणत्या सुनेला?"

"मले एकच सून हाये."

"तुम्ही प्राचीला टोचलंत?"

"अवो, वाण होतं ते. घरच्या लक्ष्मीले सोडून बाकीच्यायले देऊ काय?"

"आणि तिचं इन्सुलिन?"

"ते शुक्रवारपासून बंद केलं ना. हप्त्याचं घेतल्यावर मंग रोजचं कायले? पोरानं बी तक्ता पायला. इंजिनिअर हाये तो. म्हने आई, तुह्यं बरोबर हाये."

घर दोन गल्ल्या पलीकडे. स्कूटी कशी काढली मला आठवत नाही. प्राची पुढच्या खोलीत दिवाणावर पडली होती. धावून आल्यासारखा श्वास, खोल आणि भराभर. जीभ वाळलेली. तोंडाला कुजक्या फळासारखा गोड वास. ज्याने हा वास एकदा घेतलाय त्याला पुढचं सांगावं लागत नाही. इन्सुलिन नसलं की साखर रक्तात तशीच पडून राहते, शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात विष साचतं. त्यातही उलट्याच होतात. म्हणजे माझ्या तक्त्याने 'घाबरू नका' म्हणून ज्या उलट्यांवर शिक्का मारला होता, त्यांच्याच आडून हे विष चढत होतं. इंजिनिअर नवरा बिचारा रात्रीपासून तिला चमच्याचमच्याने साखर-मिठाचं पाणी पाजत होता. साखर! मी बोटाला सुई लावून मशीनवर थेंब घेतला. मशीनने आकडाच दाखवला नाही, नुसतं 'हाय' दाखवलं. म्हणजे मोजायच्या पलीकडे.

"मावशी, हे साइड इफेक्टच आहेत ना?" नवऱ्याने विचारलं.

मी पेशंटशी नेहमी शुद्ध बोलायचे, नोकरीतली सवय. त्या दिवशी ती सुटली. "गाडी काढ आंधी! इचारू नको काई!"

मोठ्या दवाखान्यात तिला सरळ अतिदक्षता विभागात घेतलं. एका हाताला सलाईन, दुसऱ्या हातातून इन्सुलिन, तासातासाला रक्त तपासणी. तिथले डॉक्टर मला ओळखत होते. ते म्हणाले, "संध्याकाळपर्यंत थांबला असता तर आणायचं कारण उरलं नसतं." हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं, पण मंदाताईंनी ऐकलं.

त्या रडल्या नाहीत. बाहेरच्या बाकाजवळ मला उभं करून त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यात माझ्या तक्त्याचा फोटो. "सिस्टर, हे बंद करू नका म्हनून कुठं लिहिलं हाये? दाखवा मले."

मी मोबाइल हातात घेतला आणि दोन बोटांनी अक्षर मोठं करून माझाच तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. आयुष्यभर मी लोकांच्या अडाणीपणावर हसले. उपासवाल्या बाईवर, कंत्राटदारावर, मास्तरांवर. त्या बाकाजवळ हसायला मीच उरले होते.

"नाही लिहिलं, ताई."

मी बाकावर बसले. त्याही माझ्या शेजारी येऊन बसल्या. "मंग आपन दोघीनं मिळून केलं म्हना." त्यांनी अर्धा दोष उचलून स्वतःकडे घेतला. माझं मन एवढं मोठं नव्हतं. तोवर मी मनातल्या मनात सगळा त्यांच्याकडेच ढकलून ठेवला होता.

पुढच्या दिवसांत मंदाताई स्वतः अकराही जणींच्या दारी गेल्या आणि रक्त तपासून घ्यायला सांगून आल्या. काही महिन्यांनी पुन्हा तपासलं. सुदैवाने कोणाला काही निघालं नाही. त्यातल्या तिघींनी रक्ताचं ऐकून घेतलं आणि वर विचारलं, "मंग दुसरा डोस कधी?" तक्ता मी सोमवारी सकाळीच भिंतीवरून काढला. पण भिंतीवरून काढलेला कागद मोबाइलमधून निघत नाही. परवा अकोल्याच्या एका नातेवाइकाने मलाच तो पाठवला, खाली लिहिलं होतं, 'अतिशय उपयुक्त माहिती, सर्वांना पाठवा.'

तिसऱ्या दिवशी प्राचीला साध्या खोलीत आणलं. दुपारी तिच्याजवळ मी एकटीच होते. ती शुद्धीवर होती, चहा मागत होती, आणि आता धोका टळला म्हटल्यावर मला राग यायला लागला. सासूला माहीत नव्हतं, नवऱ्याला माहीत नव्हतं, पण हिला?

"तुले तर मालूम होतं ना? नऊ वर्सांची होती तवापासून सांगून राहिली मी, आभाळ कोसळलं तरी इन्सुलिन बंद करायचं नाई. मालूम होतं का नाई?"

"होतं मावशी."

"मंग कावून?"

ती पंख्याकडे बघत म्हणाली, "माहं ताट वाढलं का मी उठतो, आत जातो, दार लावतो, टोचून येतो. सोळा वर्सं झाले. घरचे तोवर ताटावर थांबून राहतात, कोनी काई बोलत नाई. इथंबी तसंच. त्या दिवशी आईनं मले सगळ्यायच्या मधात पाटावर बसवलं. कुंकू लावलं अन् मंग टोचलं. बाया हासत होत्या, कोनाले किती दुखलं ते एकमेकीले सांगत होत्या. म्हने, नवरी भल्ली धीट हाये, तोंडबी वाकडं नाई केलं. मावशी, चारचौघीत टोचून घेतलं मी पयल्यांदा. मंग जेवाच्या टायमाले उठून पुन्हा आत जावं, दार लावावं, असं नाई वाटलं. मालूम होतं मले. म्हटलं, दोन दिवस तरी नाई जात आत."

मी तिच्या अंगावरची चादर नीट करत बसले. जेवायची वेळ झाली की आत जायचं आणि दार लावून टोचायचं, म्हणजे कोणी बघणार नाही, नावं ठेवणार नाही, पुढे लग्नाला अडचण येणार नाही, हे नऊ वर्षांच्या त्या पोरीला अकोल्याला मीच शिकवलं होतं. तिचा हात वरच्या कडीला पुरत नव्हता, म्हणून तिच्या वडिलांना सांगून मी दाराला खाली एक दुसरी कडी बसवून घेतली होती.